जेटवरचे ओरखडे

कासिमालीचा बूट मी कात्रीने कापून काढला, तेव्हापासून ही गोष्ट मला माहीत आहे. मी त्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होते. पुढे त्याच्या बायकोने, असिलकानने, ती मला सांगितली आणि खूप नंतर दोओलोतनेही सांगितली. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता, म्हणून मी ती खरी धरते.

सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. वरच्या कुरणावरचे सगळे तंबू उतरले होते आणि कळप चालत घाटापलीकडे गेले होते. मागे राहिला तो एकच तंबू, असिलकान आणि कासिमालीचा. तीन दिवसांपूर्वी कासिमाली घोड्यावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, पाय सुजून बुटात घट्ट अडकलेला. त्याला घोड्यावर बसवणं शक्यच नव्हतं. धाकटा दीर कळप घेऊन निघताना म्हणाला होता, "वहिनी, गावात पोचलो की पहिला ट्रक दिसेल तो वर पाठवतो." घाट एकदा बर्फाने भरला की मे महिन्यापर्यंत उघडत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला ट्रकचा आवाज आला. असिलकान बाहेर किटली घासत होती. ट्रक अजून दोन वळणं पलीकडे होता, दिसतही नव्हता. ती हात थांबवून ऐकत राहिली आणि मग तंबूत डोकावून म्हणाली, "फ्लोट बुडतोय याचा. जेटही मोठे आहेत. पेट्रोल पीत चाललाय नुसता."

"कुणाचा आहे?" कासिमालीने पडल्या पडल्या विचारलं.

तोवर ट्रक वळणावर आला होता. सैन्यातून निघालेला जुना रशियन ट्रक, मागे काळ्या धुराची शेपटी.

"दोओलोतचा," ती म्हणाली.

कासिमाली म्हणाला, "मग मला इथंच पुरून टाक, म्हातारे. ते सोपं पडेल."

त्याचं असं बोलण्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. असिलकान तरुणपणी सरकारी ट्रकच्या गराजमध्ये कामाला होती. कार्ब्युरेटरची वेगळी खोली होती आणि त्या खोलीत ती एकटीच. अकरा वर्षं. ट्रक घाटावर जायचा असेल तर आधी त्याचा कार्ब्युरेटर तिच्या टेबलावर यायचा. ती तो खोलायची, धुवायची, मापं घ्यायची आणि कार्डावर सही करायची. ती सही असल्याशिवाय फाटक उघडत नसे. सव्वीस वर्षांपूर्वी अशीच सही झालेला एक ट्रक घाटाच्या चढावर बंद पडला, मागे घसरला आणि दरीत गेला. चालवणारा एसेनकुल जागीच गेला. चौकशीत त्याचा कार्ब्युरेटर उघडला, तर जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक मापापेक्षा कितीतरी मोठं निघालं. वरच्या विरळ हवेत एवढं पेट्रोल जळणार कसं? इंजिन गुदमरलं, असं चौकशीचे साहेब म्हणाले. कार्डावर सही असिलकानची होती. तिला कामावरून काढलं. तुरुंगात कुणी टाकलं नाही, पण गावाने काय ठरवायचं ते ठरवलं होतं.

दोओलोत हा एसेनकुलचा धाकटा भाऊ. त्या वेळी बावीस वर्षांचा, त्याच गराजमध्ये ड्रायव्हर. तेव्हापासून रस्त्यात ती समोरून आली की तो पलीकडच्या कडेला जायचा.

ट्रक तंबूपाशी आला आणि दोनदा हिसके देऊन बंद पडला. दोओलोत उतरला. आता तोही अठ्ठेचाळीसचा, केस पांढरे झालेले. त्याने असिलकानकडे न बघता तंबूच्या दाराशी जाऊन थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारली, "सलाम, बाइके. पाय कसा आहे?"

"पाय आहे अजून. तुझा ट्रक आहे का?"

"थोडा दमलाय. थंड झाला की निघू. दुपारी तीनच्या आत वर पोचलं पाहिजे, पश्चिमेकडून भरून येतंय."

ट्रक थंड झाला, पण सुरू झाला नाही. या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच असतं, दोन सीटांच्या मध्ये झाकणाखाली. दोओलोतने झाकण उचललं, आठही प्लग काढले. सगळे काजळीने काळेकुट्ट. पेट्रोलमध्ये धुऊन पुसून परत बसवले. इंजिन धडधडलं, काळा धूर ओकलं आणि मिनिटभरात गप्प झालं. त्याने पुन्हा प्लग काढले. "पेट्रोलच भेसळीचं दिलंय भडव्यांनी," असं स्वतःशीच म्हणत तिसऱ्यांदा काढले. साडेअकरा वाजले. बॅटरी कण्हायला लागली. पश्चिमेचं शिखर दिसेनासं झालं होतं.

असिलकान दोन तास तंबू उतरवण्याच्या कामात होती. कासिमाली झोपला होता तेवढ्यावरचं छप्पर राखून तिने बाकीचे लोकरीचे नमदे गुंडाळून ठेवले. एकदाही ट्रककडे गेली नाही. शेवटी कासिमाली ओरडला, "दोओलोत! तिला विचार की!"

दोओलोत चौथ्यांदा प्लग काढायला लागला.

मग असिलकान हात पुसत पुढे झाली. "दोओलोत, कार्ब्युरेटर उघडावा लागेल."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "माझ्या ट्रकला तुमचा हात लागणार नाही."

"ट्रकला नको लावू दे. तू कार्ब्युरेटर काढ आणि इथं आणून ठेव. ट्रकला तूच हात लाव."

"आणि तुम्ही काय करणार? सही?"

ते वाक्य तिला लागलं. ती मला म्हणाली, की त्या क्षणी तिला वाटलं होतं, घोडा काढावा आणि एकटीनेच घाट ओलांडून दुसरं कुणाला तरी आणावं. पण चालत्या घोड्यावर एक दिवस जायला, एक यायला. आभाळाकडे बघून तिने ते मनातून काढलं.

"म्हातारा आत पडलाय," ती एवढंच म्हणाली. "बुटातला अंगठा त्याला काल जाणवत होता. आज जाणवत नाही."

दोओलोत पान्हा हातात घेऊन केबिनमध्ये चढला.

तिने डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, झटकला आणि सपाट दगडावर पसरला. नमद्याचा एक केस आत गेला तरी घात, म्हणून नमदा दूर सारला. दोओलोतने दोन्ही हातांत धरून कार्ब्युरेटर आणला आणि रुमालावर ठेवला. सव्वीस वर्षांत तिने कार्ब्युरेटरला हात लावला नव्हता. तिने आधी बाह्या वर केल्या.

वरचं झाकण निघालं. आत पेट्रोल काठोकाठ, आणि फ्लोट, तरंगायची पोकळ पितळी डबी, त्यात अर्धा बुडालेला. तिने तो काढून कानाशी हलवला. आत खळखळ वाजली.

"भोक आहे. पेट्रोल आत शिरलंय. हा वर उठतच नाही, म्हणून पेट्रोल अडवणारी सुई बंद होत नाही."

तिने किटलीतल्या उकळत्या पाण्यात फ्लोट चमच्याने दाबून धरला. जोडावरून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. भोक सुईच्या टोकाएवढंच होतं. तिने तिथे चाकूच्या टोकाने खूण केली आणि फ्लोट पाण्यातच धरून ठेवला.

"डाख आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण लावायचं ॲसिड नाही."

"म्हाताऱ्या!" ती तंबूकडे तोंड करून ओरडली. "दुखण्याच्या गोळ्या किती उरल्यात?"

"दोन ॲस्पिरिन."

"एक लागणार आहे."

"कुणाचं डोकं दुखतंय?"

"फ्लोटचं."

आतून हसण्याचा आणि लगेच कण्हण्याचा आवाज आला. "घेऊन जा. उतारावर ओरडायला मला भरपूर वेळ आहे."

दोओलोतने गोवऱ्यांच्या विस्तवात तांब्याचा डाख-खिळा तापवायला ठेवला. खिळा लाल झाला, तरी तिने फ्लोट पाण्याबाहेर काढला नाही.

"लावा ना आता! बर्फ यायला लागला बघा."

खरंच दोन-चार कण उडत होते.

"आत थेंबभर जरी पेट्रोल राहिलं, तर डाख लावताना हा तोंडावर फुटेल. माझं तोंड गेलं तर गेलं, तुझा ट्रक मेपर्यंत इथंच राहील."

बुडबुडे थांबल्यावर तिने फ्लोट काढला, भोकाशी नाक नेऊन वास घेतला आणि पुन्हा पाण्यात घातला. असं तीनदा केलं. मग ॲसिडच्या जागी गोळी चुरून जोडावर दाबली आणि खिळा टेकवला. डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघाला. दोओलोतने नकळत मान मागे घेतली. तिने घेतली नाही. डाखाचा थेंब चमकून पसरला. गार झाल्यावर तिने चाकूने जादा डाख खरवडला, कारण फ्लोट जड झाला तर तोही बुडलेलाच. पुन्हा उकळतं पाणी. एकही बुडबुडा नाही.

झाकणाखालचा जुना कागद फाटला होता. तिने चहाच्या खोक्याचा पुठ्ठा त्या आकारात कापला आणि दोन्ही बाजूंनी कोरडा साबण चोळला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही.

आणि मग ती जेटकडे वळली. दोन छोटे पितळी तुकडे, प्रत्येकात एक भोक. तिने एक चिमटीत धरून आभाळाकडे केला आणि तशीच थबकली.

भोक मोठं केलेलं होतं, ते तर तिला आवाजावरूनच कळलं होतं. पण भोकाच्या कडेला ओरखडे होते. तिरपे, आत वळत गेलेले, सगळे डाव्या अंगाला. जाड तार भोकात घालून डाव्या हाताने फिरवली की असे उमटतात. चौकशीच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर एक जेट ठेवला होता. तिला तो मिनिटभरच बघू दिला होता. त्यानंतर सव्वीस वर्षं ती तो जेट झोपेतसुद्धा बघत आली होती. आधी तिला खात्री होती, की मी बसवला तो हा नव्हे. मग वर्षं गेली, तशी खात्रीही गेली. कदाचित घाईत चुकीचा उचलला असेल. कदाचित सही आधी केली असेल आणि माप नंतर घ्यायचं राहिलं असेल. माणूस स्वतःलाच पटवतो.

समोर दोओलोत बसला होता आणि डाव्या हाताने विस्तव सारत होता.

"हे कुणी कोरलंय?" तिने विचारलं.

"मीच. सगळेच कोरतात. ताकद येते."

"कधीपासून?"

तो विस्तवाकडेच बघत राहिला. "आहे जुनी सवय."

तिच्या डोक्यात काय काय उठलं, ते तिने मला सांगितलं, पण सगळं लिहिण्यासारखं नाही. जेट त्याच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. पण तिने तो फेकला असता आणि दगडांत हरवला असता, तर? तो चिडून उठून गेला असता, तर? पाठीमागे कासिमाली दात आवळून पडला होता. तिने जेट रुमालावर ठेवला आणि म्हणाली, "टॉर्चची वायर काप. तांब्याचा एकेक केस हवाय मला. दोन."

एक केस तिने भोकातून ओवला आणि दोन्ही टोकं वाकवली, म्हणजे इंजिन तो ओढून घेणार नाही. भोक तेवढंच बारीक झालं. दुसऱ्या जेटमध्येही तसंच. फ्लोटची पातळी तिने अंगठ्याच्या नखाने मोजली. गराजमध्ये असताना तिचं नख आणि माप एकच होतं. नख बदललं नसेल, एवढाच भरवसा होता.

दोन वाजता दोओलोतने कार्ब्युरेटर बसवला. तिने बाहेर उभं राहून सांगितलं, "मंद चालीचे दोन्ही स्क्रू पूर्ण आत घे. आता अडीच फेरे बाहेर. मार स्टार्टर."

इंजिन लागलं. धूर आला, पातळ झाला, मग दिसेनासा झाला. आवाज मात्र लंगडत होता. "डावा पाव फेरा आत. नाही, जास्त झाला, मागे घे. थांब. आता उजवा." शेवटी आवाज एकसारखा झाला. दोओलोतने रेस दिली, तर इंजिनाने लगेच झेप घेतली. त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग त्याने तोंड मिटलं.

कासिमालीला त्यांनी नमद्यांच्या गादीवर मागे झोपवलं आणि वर ताडपत्री बांधली. असिलकानने त्याच्या हातात काठी दिली. "अधूनमधून केबिनवर ठोकत जा. म्हणजे कळेल, आहेस."

"आणि नाही ठोकलं तर?"

"तर झोपलास असं समजेन. मरायचं असेल तर दवाखान्यात मर, इथं मला जागा नाही."

घाटाला सतरा वळणं. असिलकान केबिनमध्ये बसली, इंजिनचं झाकण उघडंच ठेवून. वाफ आणि पेट्रोलचा वास भरू नये म्हणून दोन्ही काचा खाली होत्या. बर्फ सरळ आत येत होता. पाचव्या वळणापासून रस्ता पांढरा झाला. मागून ठक ठक ऐकू यायचं.

अकराव्याला इंजिन खोकलं. मग पुन्हा. ट्रकचा वेग माणसाच्या चालीवर आला. दोओलोतने पाय दाबला आणि चोककडे हात नेला. तिने त्या हातावर फटका मारला.

"चोकला हात लावू नकोस!"

"बंद पडतोय! मागे जाईल!"

"पाय वर घे. अर्धा. अर्धा म्हणते ना!"

तिने कार्ब्युरेटरला हात लावून पाहिला. बर्फाळ ओल्या हवेने त्याच्या गळ्यावर पांढरा थर धरला होता. आत गोठत होतं, हवेची वाट बंद होत होती. तिने थर्मास उघडला, सगळा चहा रुमालावर ओतला आणि तो वाफाळता रुमाल गळ्याभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी आवळून धरला. हात भाजत होते. इंजिन खोकत राहिलं, एक, दोन, तीन वेळा. चाकं किंचित मागे सरकल्याचं दोघांनाही जाणवलं. मग आतलं काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि इंजिनाने ओढ घेतली.

मागून काठी ठोकली गेली.

तेराव्या वळणावर एसेनकुलच्या नावाचा दगड आहे. घाटातला प्रत्येक ड्रायव्हर तिथे क्षणभर थांबतो, दुआ म्हणून तोंडावरून हात फिरवतो आणि मग पुढे जातो. दोओलोत तर कधीच थांबल्याशिवाय गेला नव्हता. त्याने गिअर कमी केला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "थांबलास तर चाकं परत पकडणार नाहीत."

"माझा भाऊ आहे तो."

"माहीत आहे. थांबू नकोस."

तो थांबला नाही. दगड खिडकीतून मागे गेला. समोर बघतच तो बोलला, "एजे."

मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तार माझी होती, एजे. तुम्ही सही केल्यावर, तो निघायच्या आदल्या संध्याकाळी. एसेनकुल म्हणाला, ट्रक ओढत नाही, जरा मोठं कर. मी केलं. चौकशीत मला कुणी विचारलंच नाही. त्यांच्याकडे तुमची सही होती."

इंजिन चढत राहिलं. तिचे हात रुमालावर तसेच होते. रुमाल आता गार झाला होता.

"समोर बघ," ती म्हणाली.

पावणेचारला ते माथ्यावर पोचले. दुसऱ्या दिवशी घाट बंद झाला.

दवाखान्यात मी बूट कापला, डॉक्टरांनी कासिमालीला आत नेलं. अंगठा वाचला. पाय वाचला, पण बोटभर आखूड झाला. मी ओल्या कापडाने वऱ्हांडा पुसत होते, तेव्हा असिलकानने दोओलोतच्या थोबाडीत मारली. मला वाटलं, उशीर केला म्हणून मारतेय. तो हलला नाही. तिच्या तळहातांवर फोड आले होते, मारतानाच एक फुटला.

"आईला सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? घाटात सांगून मोकळा झालास होय? गराजच्या जुन्या माणसांना सांग. माझ्या पोरींना सांग, त्यांना शाळेत काय काय ऐकवलं गेलं ते मला माहीत आहे. आधी आईला सांग."

आठ दिवस काही झालं नाही. तो जवळपास फिरकलाही नाही. मग गराजमधल्या एकाच्या मुलाचं लग्न होतं, तिथे जेवणाआधी दोओलोत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर बोलला. म्हणे, बोलून झाल्यावर त्याच्या पानातलं मांस तसंच राहिलं आणि कुणी त्याला घे म्हणालं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई, बातमा, दवाखान्यात आली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत, बर्फातून. कासिमालीच्या खाटेशी असिलकान बसली होती, तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी तुला शाप दिला होता," म्हातारी म्हणाली. "सव्वीस वर्षं, रोज. आता तो परत कसा घ्यायचा असतो, मला माहीत नाही. तुला माहीत आहे का?"

असिलकान उठून उभी राहिली आणि आईला म्हणतात तसं म्हणाली, "नाही, आपा. मलाही माहीत नाही."

तिने आपली खुर्ची म्हातारीला दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसली. भेटीची वेळ संपेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. कासिमालीने एकदा काही तरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. घंटा झाल्यावर असिलकानने म्हातारीचा दंड धरून तिला फाटकापर्यंत पोचवलं, पायरीवर बर्फ होता म्हणून.

फाटकाशी दोओलोत उभा होता. असिलकान त्याच्याशी बोलली नाही. पुढची दोन वर्षंही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी बोलायला लागली, कामापुरतं. तो तिला एजे म्हणतो. ती त्याला नावाने हाक मारते, भाऊ म्हणत नाही.